पुरात वस्ती किती तग धरेल, हे तपासताना या चुका टाळा

"पाणी किती आलं होतं?"
"कमरेएवढं."
आणि पठ्ठ्या वहीत लिहून मोकळा: १ मीटर.

कुणाच्या कमरेएवढं? उभं कुठे राहून? रस्त्यावर, अंगणात की घरातल्या फरशीवर? हे न विचारता भरलेले फॉर्म अजूनही माझ्यासमोर येतात आणि दर वेळी डोकं फिरतं.

अर्थात मीही काही शहाणा नव्हतो. सुरुवातीच्या एका कामात आम्ही तिघांनी नदीकाठची वस्ती वाटून घेतली. मी उंची मोजली रस्त्यापासून, दुसऱ्याने अंगणापासून, तिसऱ्याने थेट फरशीपासून. आकडे नकाशावर मांडले तर पुराचं पाणी चक्क चढावर गेलेलं! वरच्या गल्लीत सव्वा मीटर, नदीला लागून असलेल्या खालच्या गल्लीत जेमतेम अर्धा. खालच्या घरांची जोती चांगली ९० सेंटीमीटर उंच होती, ती कुणी धरलीच नव्हती. सगळं पुन्हा मोजायला गेलो, तोवर निम्म्या घरांनी भिंती रंगवून घेतल्या होत्या. पुरावाच गेला.

तेव्हापासून पहिल्या दिवशी मी कुठल्याच घरात टेप काढत नाही. आधी पुलाच्या कठड्यासारखी न हलणारी एक खूण पक्की करायची, मग प्रत्येक जोतं आणि पुराने भिंतीवर सोडलेला प्रत्येक डाग तिच्याच हिशेबात. लेव्हल यंत्र नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळी चालते, फक्त आत बुडबुडा नको. फोनवर दिसणारी उंची मात्र चालत नाही. ती कित्येक मीटर चुकू शकते, आणि इथे भांडण असतं वीतभराचं.

डागातही गंमत आहे. भिंत पाणी वर शोषते, त्यामुळे ओल खऱ्या पातळीच्या बरीच वर दिसते. गाळाची बारीक, सरळ रेघ शोधा. पुसापुशीत ती दर्शनी भिंतीवरून जाते, पण कपाटाच्या पाठीमागे, विजेच्या मीटरच्या पेटीत सापडते.

'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असं नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत किमान एकदा येण्याची जवळपास २६ टक्के.

आता माझा दुसरा राग: "दाराला फळ्या लावल्या, फटी बुजवल्या, घर सुरक्षित" असा शेरा. एका बाजूला १ मीटर पाणी साचलं, तर भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे अर्धा टन रेटा येतो. पाणी दुप्पट झालं की रेटा चौपट, म्हणजे २ टन. साधी विटांची भिंत हे सोसायला बांधलेलीच नसते. साधारण ६० ते ९० सेंटीमीटरच्या पुढे पाणी बाहेर अडवण्याचा हट्ट सोडावा आणि ते आत येऊ द्यावं. दोन्हीकडून पाणी असलं की रेटा सारखा होतो. घर ओलं होतं, पण उभं राहतं. घाईत असलेल्या नवख्यांना हे पटत नाही, कारण 'पाणी आत येऊ द्या' हे अहवालात वाईट दिसतं.

तळघर उपसायची घाईही तशीच. बाहेरची माती अजून पाण्याने फुगलेली असते. आतलं पाणी झटकन काढलं तर भिंत आत कोसळू शकते. थोडं उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली तर पंप बंद ठेवा.

संडासाच्या भांड्यातून पाणी उलटं येतं. ड्रेनेजला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारी, पण उलटं येऊ न देणारी झडप) आहे का, हे झाकण उघडूनच बघा. घरमालकाच्या 'हो'वर टिक करू नका.

निवारा उंचावर आहे म्हणून खूश होऊ नका, तिथवर चालत जा. बऱ्याचदा वाटेतला ओढा निवाऱ्याची गरज पडायच्या आधीच रस्ता बंद करतो. अंथरुणाला खिळलेल्या आजीला कोण उचलणार, हेही त्याच फेरीत विचारा.

आणि दुपारी तपासणी करून दुपारचीच उत्तरं आणू नका. मी प्रत्येक घरी विचारतो: रात्री दोनला पाणी आलं तर मेन स्विच कोण बंद करेल? बहुतेक घरांत तो कुठे आहे हे एकालाच माहीत असतं. परवा एका घरी तो एकजण नेमका रात्रपाळीला जाणारा निघाला.