इंग्लंडच्या खेड्यातले पूर्वज शोधताय? मग या चुका टाळा

आठ महिने मी चुकीच्या विल्यमच्या मागे होते. माझं सासर मूळचं डॉर्सेट परगण्यातलं, पिडल नदीच्या काठच्या एका लहान खेड्यातलं. सगळे पिढ्यानपिढ्या शेतमजूर. १८३९ च्या विवाहनोंदीत माझ्या नवऱ्याच्या खापरपणजोबांच्या, म्हणजे विल्यमच्या, वडिलांचं नाव टॉमस दिलेलं होतं. गावच्या चर्चच्या नोंदवहीत १८११ साली 'टॉमसचा मुलगा विल्यम' याचा बाप्तिस्मा झालेला. नाव जुळलं, वय जुळलं, गाव जुळलं. मी आनंदाने त्या टॉमसच्या मागे आणखी चार पिढ्या चढले. मग एका संध्याकाळी सहज दफनांची वही चाळताना दिसलं, की तो विल्यम १८१४ साली वयाच्या तिसऱ्या वर्षी गेला होता. मी जोडलेल्या चारही पिढ्या दुसऱ्याच घराण्याच्या होत्या.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बाप्तिस्म्याची नोंद सापडली की आपण थांबतो. खरं तर तिथूनच तपासणी सुरू व्हायला हवी, आणि ती दफनांच्या वहीपासून. त्या काळी मुलं लहानपणी जात, आणि गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या भावंडाला देण्याची पद्धत होती. गावात जॉन, विल्यम, टॉमस, जेम्स, जॉर्ज, बायकांत मेरी, अ‍ॅन, सेरा, एलिझाबेथ, एवढ्या नावांवर सगळा कारभार. तीनशे वस्तीच्या गावात एकाच वयाचे, एकाच नावाचे दोघे चुलतभाऊ असणं अगदी साधी गोष्ट आहे. १ जानेवारी १८१३ पासून छापील नमुन्याच्या नोंदवह्या सक्तीच्या झाल्या. दफनात वय आणि बाप्तिस्म्यात वडिलांचा धंदा व राहण्याचं ठिकाण लिहिलं जाऊ लागलं. त्याआधीच्या दफनात वय क्वचितच सापडतं, म्हणून तिथे दुप्पट सावध राहा. आणि बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. काही घरांत तीन-चार मुलांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला दिसतो.

माझा खरा विल्यम कुठे होता? शेजारच्या पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागात), जेमतेम दोन मैलांवर. १८५१ ची जनगणना आधी उघडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण तिच्यात जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. मी १८४१ वर विसंबले होते. त्या वर्षीच्या गणनेत 'याच परगण्यात जन्मला का' एवढाच प्रश्न होता, घरातल्यांची एकमेकांशी नाती नव्हती, आणि पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहायची सूचना होती. एकोणचाळीस वर्षांचा माणूस तिथे पस्तीसचा दिसतो. सगळ्या गणकांनी ती सूचना पाळली असंही नाही. तेव्हा १८४१ चा उपयोग फक्त माणूस कुठे राहत होता हे कळण्यापुरता करा.

आपण मराठी माणसं या कामाला बसतो तेव्हा एक सवय आड येते. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांकडे घराण्याची वही असते. कुलवृत्तांत काढला तर मूळ गाव, गोत्र, शाखा असं सगळं एका धाग्यात मिळतं. आडनावातला 'कर'सुद्धा बऱ्याचदा गाव सांगून जातो. इंग्लंडमध्ये नोंदी घराण्यावार नसून पॅरिशवार आहेत. घराणं हललं की वही बदलते, आणि जुन्या वहीत ते कुठे गेलं याची एक ओळही नसते.

आणि ती माणसं सारखी हलत होती. 'खेड्यातली माणसं, कुठे जाणार' हा आपला समज डॉर्सेटच्या मजुरांबाबत तर साफ खोटा आहे. त्यांचे करार वर्षाचे असत, आणि जुन्या लेडी डेला, म्हणजे ६ एप्रिलला, संपत. त्या दिवशी गाड्यांवर पलंग, कोंबड्या, मुलं लादून कुटुंबं दुसऱ्या शेतावर जात. १८६१ ची जनगणना ७ एप्रिलची आहे, १८९१ ची ५ एप्रिलची. म्हणजे पहिल्या गणनेत तुमचं कुटुंब आदल्याच दिवशी आलेल्या नव्या गावात सापडेल आणि दुसऱ्या गणनेत उद्या सोडायच्या जुन्या गावात. हे लक्षात आल्यावर मी गाव धरून शोधणं सोडलं. नकाशावर गावाभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं आणि त्यातल्या प्रत्येक पॅरिशची यादी भिंतीवर लावली. माझ्या मते हे काम सुरुवातीलाच करावं.

डॉर्सेटमधल्या टॉलपडल या खेड्याचंच बघा. १८३४ साली मजुरी आणखी कमी होऊ नये म्हणून एकत्र येऊन शपथ घेतल्याबद्दल इथल्या सहा मजुरांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली: जॉर्ज आणि जेम्स लव्हलेस हे भाऊ, टॉमस स्टँडफील्ड आणि त्याचा मुलगा जॉन, जेम्स ब्राइन आणि जेम्स हॅमेट. १८३६ मध्ये माफी मिळाली. परतल्यावर पाच जणांची कुटुंबं एसेक्समध्ये शेतं घेऊन राहिली. ब्राइनचं स्टँडफील्डच्या मुलीशी लग्न लागलं ते १८३९ साली तिथल्या ग्रीनस्टेडच्या चर्चमध्ये. पुढे हे पाचही जण कॅनडात ऑन्टॅरिओला गेले. टॉलपडलला कायमचा परतला तो एकटा हॅमेट. आता कोणी लव्हलेस घराण्याचा शोध टॉलपडलच्या वहीतच करत बसला, तर त्याला वाटेल की सगळे एकदम मेले.

गावाच्या नावाचीही गंमत नाही, अडचण आहे. पिडल नदीकाठी टॉलपडल, पडलटाउन, अ‍ॅफपडल, ब्रायंट्सपडल, टर्नर्स पडल, पिडलहिंटन, पिडलट्रेंथाइड अशी गावं आहेत. पडलटाउन जुन्या कागदांत पिडलटाउन म्हणून येतं. घाईत वाचणारा एकाचं दुसऱ्यात घालतो. शिवाय १ जुलै १८३७ पासूनच्या सरकारी जन्म-मृत्यू सूचीत खेड्याचं नाव शोधूच नका. तिथे नोंदणी जिल्ह्याचं नाव असतं, आणि ते सहसा जवळच्या बाजारपेठेच्या गावाचं, कधी सीमेपलीकडच्या परगण्यातलं. कित्येक जण 'आमचं गाव यादीत नाही' म्हणून इथेच सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं. नोंद सापडलीच नाही तर तेही अशक्य नाही. १८७५ पर्यंत जन्म नोंदवायची कायदेशीर जबाबदारी आईबापांवर नव्हती, त्यामुळे काही मुलं राहून गेली. सूची वापरताना इंग्लंडच्या सरकारी नोंदणी कार्यालयाचीच (जनरल रजिस्टर ऑफिस) नवी ऑनलाइन सूची घ्या. तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. जुन्या छापील सूचीत ते १९११ पासूनच मिळतं.

आडनाव एकाच पद्धतीने शोधणं ही आणखी एक चूक. लिहिणारा पाद्री किंवा गणक कानाने ऐकून लिही, आणि सांगणाऱ्याला बहुधा वाचता येत नसे. डॉर्सेटच्या बोलीत शब्दाच्या सुरुवातीचा 'फ' हा 'व्ह' आणि 'स' हा 'झ' होतो, तेव्हा फ ने सुरू होणारं आडनाव व्ह खालीही बघा. त्यातच जुना लांब 's' अक्षर सूची करणाऱ्याला 'f' वाटतं. सूचीत काही सापडलं तरी मूळ पानाचं चित्र उघडल्याशिवाय ते मान्य करू नका. डॉर्सेटच्या पॅरिशच्या वह्या डॉर्चेस्टरच्या डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये आहेत आणि अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांची पानं बघता येतात. पान फाटलेलं असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकलेत बघावं.

१७५२ च्या आधीच्या तारखांना फसू नका. तेव्हा वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीतला फेब्रुवारी १७२० हा आपल्या हिशेबाने १७२१. आईबापांचं लग्न जूनमध्ये आणि मूल त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, असं दिसलं तर घाईने निष्कर्ष काढू नका. मी अशा नोंदी १७२०/२१ असं दोन्ही आकडे देऊन लिहिते.

चर्चच्या वहीत बाप्तिस्माच नाही? मग घर मेथडिस्ट, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथाचं, असेल का ते बघा. जॉर्ज लव्हलेस स्वतः मेथडिस्ट उपदेशक होता. अशा प्रार्थनामंदिरांच्या १८३७ पर्यंतच्या बऱ्याच वह्या सरकारने जमा करून घेतल्या आणि त्या आता लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. पण लग्न मात्र त्यांचंही गावच्या चर्चमध्येच सापडेल, कारण १७५४ पासून १८३७ पर्यंत क्वेकर पंथाचे लोक आणि ज्यू सोडून सगळ्यांना तिथेच लग्न लावावं लागे.

गरिबांचे कागद नसतात हा समज तर मनातून काढूनच टाका. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर आली. त्यामुळे कोणी मदत मागायला आला की हा आमचा की शेजारच्यांचा, याची चौकशी होई. न्यायाधीशांसमोर माणूस सांगे: जन्म कुठला, कुणाकडे किती वर्षं चाकरी केली, लग्न कुठे झालं. एका पानात अख्खं आयुष्य. माझ्या खऱ्या विल्यमच्या आईची विधवा म्हणून अशीच चौकशी झाली होती. तिच्या तोंडून आलेल्या चार गावांची नावं मला दुसऱ्या कुठल्याही वहीने दिली नसती. श्रीमंतांची मृत्युपत्रं शोधण्यात वेळ घालवण्याऐवजी मजुराच्या घराण्यात आधी हे कागद मागवा.

एखादा मुलगा अचानक नाहीसा झाला, तर पलटणीत गेला का बघा. डॉर्सेटशायरच्या नावाची ३९ वी पायदळ पलटण १८४३ च्या डिसेंबरात महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी लढली होती. पलटणीत परगण्याबाहेरचेही असत, हे खरं. मुंबई इलाख्यात वारलेल्या युरोपियनांच्या दफनाच्या नोंदी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

दुसऱ्यांनी इंटरनेटवर टाकलेले वंशवृक्ष उतरवून घेऊ नका. माझा चुकीचा विल्यम आणखी अकरा जणांच्या झाडात तसाच होता, कारण सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं होतं. मी प्रत्येकाला दफनाच्या नोंदीचं चित्र पाठवलं. तिघांनी दुरुस्ती केली.

आणि स्मशानात थडगं दिसलं नाही म्हणून माणूस तिथला नव्हता असं समजू नका. मजुरांच्या डोक्याशी दगड क्वचितच असे. जेम्स हॅमेट १८९१ साली डॉर्चेस्टरच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना ठेवायच्या जागी, वारला आणि टॉलपडलला पुरला गेला. त्याच्या नावाचा दगड तिथे उभा राहिला तो १९३४ मध्ये.