हिमनदी आणि हिमनग बघायला एका दिवसाची खासगी सहल : आधी काय ठरवावं, काय विचारावं

आमची द्राक्षबाग निफाड तालुक्यात, घर नाशिकला गंगापूर रोडवर. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहाटे पारा चार-पाच अंशांवर उतरला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबकनं पाणी सोडतो आणि घड वाचले का ते बघायला उजाडायची वाट बघतो. त्यामुळे बर्फ म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. तो बघायची ओढ होती आईला. पंधरा वर्षांपूर्वी ती चारधामला गेली, गंगोत्रीपर्यंत पोचली, पण गोमुखापर्यंतची अठरा किलोमीटरची चाल तिला झेपली नाही. ‘आपली गोदावरी पावसावर जगते. गंगा बर्फातून निघते म्हणतात, ते तेवढं बघायचं राहिलं,’ असं ती अधूनमधून म्हणायची. आता ती बहात्तरची आहे, गुडघे दुखतात. गाडीतून उतरून शंभर पावलांवर हिमनग दिसतील अशी जागा शोधता शोधता मी आइसलँडच्या योकुल्सारलोनपर्यंत आलो. या नावाचा अर्थच ‘हिमनदीतून निघणाऱ्या नदीचं तळं’ असा आहे. आमच्यासारखं कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन जाणार असेल तर त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी महिना ठरवा. आम्ही बागेचं वेळापत्रक समोर ठेवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मधल्या दिवसांत सप्टेंबरचा पहिला आठवडा मोकळा मिळतो. योगायोगानं तो तिकडेही सोयीचा निघाला. तळ्यातल्या बोटी साधारण मे ते ऑक्टोबर चालतात. जून-जुलैत रात्र जवळजवळ होतच नाही, पण गर्दी असते आणि हॉटेलं महाग. सप्टेंबरच्या सुरुवातीला चौदाएक तास उजेड असतो, म्हणजे दिवसभराच्या सहलीला भरपूर. डिसेंबरमध्ये उजेड जेमतेम चार-पाच तास. हिवाळ्यात निळ्या बर्फगुहा बघायला मिळतात हे खरं, पण एका दिवसात जाऊन यायचं असेल तर निम्मा प्रवास अंधारात होतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हिवाळा धरू नका.

आइसलँड शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतो, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान तीस हजार युरोचा प्रवास विमा बंधनकारक आहे. सहलीचं आरक्षण, हॉटेल, परतीचं तिकीट सगळं एकाच फाइलमध्ये, तारखेनुसार लावून ठेवा. शेतकऱ्यांसाठी एक सांगतो : सातबारा आणि बँकेच्या नोंदींबरोबर इंग्रजीत एक साधं पत्र जोडा. बाग किती, माल कुठे जातो, परत येणं का भाग आहे, हे त्यात लिहा. आमच्या पत्रात गोडी छाटणीची तारीखच होती. भारतातून थेट विमान नाही, युरोपात एकदा बदलावं लागतं.

आता अंतर. योकुल्सारलोन राजधानी रेक्याविकहून सुमारे ३७५ किलोमीटर आहे. म्हणजे नाशिक-पुणे पावणेदोन वेळा, आणि तेवढंच परत. रस्ता सुंदर, पण जायला-यायला पदर एकेकच, आणि वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर. न थांबता गेलात तरी एका बाजूला साडेचार-पाच तास. रेक्याविकहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली मिळतात आणि तरुण माणसांना त्या झेपतात. आईला चौदा तास गाडीत बसवणं मला पटेना. आम्ही आदल्या दिवशी वीक या गावी मुक्कामाला गेलो आणि गाईडला तिथूनच घ्यायला सांगितलं. वीकहून तळं १९० किलोमीटर, अडीच तास. रेक्याविकची कंपनी वीकपर्यंत रिकामी गाडी आणायचे पैसे लावते, म्हणून दक्षिण किनाऱ्यावरच राहणारे गाईड शोधा.

पैसे भरण्याआधीचा पत्रव्यवहार हाच सगळ्या सहलीचा पाया आहे. एका कंपनीनं मला जो कार्यक्रम पाठवला त्यात एका दिवसात आठ ठिकाणं होती : दोन धबधबे, काळ्या वाळूचा किनारा, लाव्ह्याचं मैदान, दोन हिमनद्या, तळं, पुन्हा किनारा. बर्फापाशी एकूण वेळ किती, असं विचारलं तर उत्तर आलं, पन्नास मिनिटं. खासगी गाडीचे पैसे मोजून असं धावायचं असेल तर बसची सहल काय वाईट? खासगी सहलीत तुम्ही विकत घेता तो वेळ. मी त्यांना नकार दिला आणि दुसरीकडे लिहिलं : आम्हाला फक्त तळं, त्याशेजारचा किनारा आणि जमल्यास फ्यालसारलोन हे जवळचं छोटं तळं बघायचं आहे. बर्फापाशी किमान चार तास हवेत. आई सावकाश चालते, दर दीड तासानं स्वच्छतागृह लागेल, आम्ही शाकाहारी आहोत. उत्तरात त्या गाईडनं आधी विचारलं, ‘आईंना पाच-सहा पायऱ्यांची शिडी चढता येते का?’ तिथेच मी ठरवलं, हिच्याबरोबरच जायचं.

ती शिडी कशासाठी, तर तळ्यात दोन प्रकारच्या बोटी असतात. एक मोठी, चाकांवर किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरणारी, तिची फेरी अर्ध्या-पाऊण तासाची. तिच्यात शिडीनं चढायचं. दुसरी रबरी झोडियाक. ती हिमनदीच्या कड्याच्या बरीच जवळ नेते, पण उसळते, अंगावर पाणी उडतं, आणि लहान मुलांना किंवा पाठीचं दुखणं असलेल्यांना घेत नाहीत. गुडघे दुखत असतील तर पहिली. बोटीचं तिकीट सहलीच्या रकमेत धरलंय की वेगळं, हे लेखी घ्या. राष्ट्रीय उद्यानातलं पार्किंग, कर, गाईडचं जेवण, आणि वाऱ्यामुळे रस्ता किंवा बोट बंद झाली तर पैशांचं काय, हेही. कंपनीकडे आइसलँडच्या पर्यटन खात्याचा दिवसाच्या सहलींसाठीचा परवाना आहे का, हे बिनधास्त विचारा. खरी कंपनी लगेच दाखवते.

आणखी एक फरक माहीत असू द्या. गाडी चालवत माहिती देणारा गाईड वेगळा, आणि बर्फावर चालवत नेणारा प्रशिक्षित गाईड वेगळा. बर्फावर चालायचं असेल तर हेल्मेट, बुटांना लावायचे काटे आणि दुसऱ्या प्रकारचाच माणूस हवा. हिमनदीला भेगा असतात, त्यावर कधीकधी बर्फाचा वरवरचा थर धरलेला असतो. ऑगस्ट २०२४मध्ये याच भागातल्या ब्रेदामेर्कुरयोकुल या हिमनदीवर बर्फ कोसळून एक पर्यटक दगावला, तोही गाईडबरोबरच्या गटातला. म्हणून मी आग्रहानं सांगतो : गाईड ‘आज नको’ म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका. पैसे भरलेत, इतक्या लांबून आलोय, असलं काही त्याला ऐकवू नका.

कपड्यांत माझी चूक झाली, ती तुम्ही टाळा. कोल्ड स्टोरेजमध्ये शून्य अंशाला माल ठेवताना घालतो ते जाड जॅकेट मी नेलं. तिथे तापमान होतं नऊ अंश, म्हणजे निफाडच्या जानेवारीपेक्षा बरंच, पण वारा त्या जॅकेटमधून आरपार गेला आणि पावसानं ते जड झालं. तिकडे लढाई वाऱ्याशी आणि पाण्याशी असते. अंगालगत लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सगळ्यांत वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि तशीच पॅंट. जीन्स आणि सुती बनियन नको, भिजलं की वाळत नाही. छत्री घरीच ठेवा. आईनं नऊवारीखाली लोकरीची पॅंट आणि वरून माझ्या बायकोचा रेनकोट घातला, ती आमच्यात सगळ्यांत उबदार होती. गाडीचं दार उघडताना दोन्ही हातांनी धरा, तिथला वारा दारं मोडतो.

खाण्याचं सोपं आहे. दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. दूध-मांसाचे पदार्थ भारतातून नेऊ नका. ब्रेड, फळं, स्कीर नावाचं घट्ट दही तिथल्या किराणा दुकानात मिळतं. नळाचं थंड पाणी निर्धास्त प्या. गरम पाण्याला गंधकाचा वास येतो, कारण ते जमिनीखालच्या उष्णतेनं तापलेलं असतं. चहासाठी थंड पाणीच किटलीत तापवून थर्मास भरा.

रस्त्यात थांबे कमी घ्या, पण दोन घ्याच. पहिला लाव्ह्याच्या मैदानावर. १७८३च्या लाकी उद्रेकाचा लाव्हा तिथे मैलोन्‌मैल पसरलाय आणि त्यावर गुडघाभर शेवाळाची गादी आहे. त्यावर पाय देऊ नका, एकेक ठसा भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. मी खाली वाकून दगड बघितला तर तो आपलाच, काळा बेसाल्ट. ब्रह्मगिरीचा, काळाराम मंदिराचा दगड. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा अडीचशे वर्षांपूर्वीचा. दुसरा थांबा स्काफ्टाफेलच्या अलीकडे, वाकलेल्या लोखंडी तुळयांपाशी. १९९६मध्ये वात्नायोकुल या प्रचंड हिमटोपाखाली ज्वालामुखी फुटला, बर्फ वितळून पूर आला, आणि त्यानं पूल उचलून नेला. त्या पुलाचे हे अवशेष. गोदेचा पूर बघितलेल्या माणसाला त्या तुळया बघून फार काही सांगावं लागत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि सकाळच्या बोटी बंद होत्या. बसनं आलेले लोक फोटो काढून परत निघाले, त्यांच्या वेळा ठरलेल्या. गाईडनं शांतपणे गाडी वळवली, आम्हाला दहा किलोमीटर मागे फ्यालसारलोनला नेलं. तिथे फार कुणी नव्हतं. हिमनदी थेट तळ्यात उतरलेली, आणि मधूनच बर्फ कडाडल्याचा आवाज. आई दगडावर बसून तासभर तो आवाज ऐकत होती. दुपारी दोनला वारा पडला, आम्ही परत आलो, बोट मिळाली. वेळ विकत घ्या म्हणतो तो यासाठी.

बोटीत काय बघायचं ते आधी समजून घेतलंत तर डोळ्यांना जास्त दिसतं. हिमनगाचा सुमारे नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो, त्यामुळे तो वितळता वितळता अचानक कलटी घेतो. म्हणून बोट अंतर राखते. नुकताच उलटलेला हिमनग काचेसारखा गर्द निळा असतो. शेकडो वर्षं दाबाखाली राहून त्यातली हवा निघून गेलेली असते, आणि घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषून निळा तेवढा सोडतो. उघड्यावर राहिला की भेगाळून पांढरा होतो. काळे पट्टे दिसले तर ती जुन्या उद्रेकांची राख. मध्येच सील डोकं वर काढतात.

पलीकडच्या किनाऱ्यावर, काळ्या वाळूत, समुद्रानं परत टाकलेले बर्फाचे तुकडे पडलेले असतात. समुद्राकडे पाठ करू नका आणि मोठ्या तुकड्यांवर चढू नका, लाट येते आणि तुकडा हलतो. गाईडनं ओंजळीएवढा तुकडा आईच्या हातात दिला. हा बर्फ कित्येक शतकांपूर्वी पडला असेल, असं तिनं सांगितलं. आई म्हणाली, ‘म्हणजे निवृत्तीनाथांच्या वेळचा?’ मी ते इंग्रजीत समजावलं, तेराव्या शतकातले आमच्या त्र्यंबकचे संत. गाईड म्हणाली, ‘असू शकेल.’ आईनं तो हात बधिर होईपर्यंत धरून ठेवला.

निघण्यापूर्वी गाईडला एक प्रश्न नक्की विचारा : तुम्ही इथे काम सुरू केलंत तेव्हा बर्फाची कड कुठे होती? हे तळं १९३०च्या दशकात तयार व्हायला लागलं, त्याआधी इथे बर्फच होता. १९७०च्या दशकापासून ते चौपट झालंय. आमची गाईड बराच वेळ हाताचं बोट वर करून नेमकी जागा शोधत राहिली, मग पाण्याच्या मधोमध एका ठिकाणी थांबली. ‘तिथे,’ म्हणाली. नंतर गाडीत बसेपर्यंत ती काही बोलली नाही. टीप द्यायची तिकडे रीत नाही, म्हणून आम्ही आमच्या बागेतल्या बेदाण्याचा डबा दिला.

दुसऱ्या दिवशी रेक्याविकला परतताना तासभर सोल्हेमायोकुल या हिमनदीसाठी ठेवा, मुख्य रस्त्यापासून थोडंच आत आहे. जवळच्या ह्वोल्सव्होत्लुर गावच्या शाळेतली मुलं २०१०पासून दरवर्षी तिथे येऊन हिमनदी किती मागे गेली ते मोजतात. वाटेवर खडी आहे, काठी न्या. आई आधी अर्ध्यावर थांबली होती, मुलांचं ऐकल्यावर पुढे निघाली.