नाटकाच्या परवानगीत या चुका टाळा, नाहीतर तालमी वाया जातात

हौशी ग्रुपमध्ये बहुतेकदा क्रमच उलटा असतो, नाटक ठरतं, कास्टिंग होतं, हॉल बुक होतो, पोस्टरही फिरायला लागतं आणि मग कोणीतरी विचारतं, अरे लेखकाची परवानगी घेतलीय का? परवानगी नाकारलीही जाऊ शकते हे डोक्यातच नसतं. तेच नाटक कुठल्यातरी व्यावसायिक संस्थेने घेतलेलं असेल तर हौशी प्रयोगांचे हक्क तेवढ्या काळापुरते बंद ठेवतात, तुमचा ग्रुप कितीही चांगला असो. त्यामुळे वाचन झालं, नाटक आवडलं की लगेच विचारा, तालमी नंतर.

पुस्तक विकत घेतलं म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो. आणि तिकीट नाही म्हणजे परवानगी नको हेही गृहीत धरू नका. काही देशांच्या कायद्यात हौशी मंडळांच्या विनातिकीट प्रयोगाला सूट आहे, पण तिला अटी असतात, त्या नीट वाचा.

आता सगळ्यात जास्त फसायला होतं ते अनुवादात. लेखक जुना आहे, कॉपीराइट संपलाय, असं म्हणून लोक बिनधास्त नाटक बसवतात. नॉर्वेचा नाटककार इब्सेन 1906 साली गेला, त्याची मूळ नाटकं आता कोणीही करू शकतं हे खरं, पण तुमच्या हातातला अनुवाद दहा वर्षांपूर्वीचा असेल तर त्या अनुवादकाचा हक्क जिवंत आहे ना! मुदतही सगळीकडे सारखी नाही, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, युरोपात 70.

संहितेत परस्पर बदल करू नका. प्रवेश कापणं, शेवट बदलणं, पुरुषाचं पात्र बाईचं करणं, सगळं विचारून. नाटककार सॅम्युअल बेकेटने 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये फक्त बायकांनी केलेल्या आपल्या 'वेटिंग फॉर गोदो'च्या प्रयोगाविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती, त्यातली पात्रं पुरुषांची आहेत म्हणून, तिथे तो हरला तेव्हा त्याने त्या देशात आपल्या नाटकांच्या प्रयोगांवर बंदीच घातली, म्हणजे एका ग्रुपच्या निर्णयाचा फटका बाकीच्यांनाही बसला.

नाटकात वापरलेल्या गाण्यांची परवानगी वेगळी, व्हिडिओ शूट करून ऑनलाइन टाकायची वेगळी. एका प्रयोगाची घेतली आणि हाउसफुल झालं म्हणून दुसरा लावला, तर त्याची परत घ्या.

उत्तरच येत नाही, मग काय? गप्प राहिले म्हणजे होकार, असं धरू नका. आधी प्रकाशकाला विचारा, हक्क कोणाकडे आहेत ते बऱ्याचदा तिथून कळतं. लेखक हयात नसेल तर वारसांना गाठा, आणि वारस दोन-तीन असतील तर सही करणाऱ्याला सगळ्यांच्या वतीने अधिकार आहे का ते विचारून घ्या, हे विचारायला संकोच वाटतो पण विचाराच. पत्रात तारखा, प्रयोगांची संख्या, हॉलच्या खुर्च्या, तिकीट आहे की नाही, काय बदलणार ते सगळं लिहा, मानधन बहुतेक यावरूनच ठरतं. फोनवर 'करा हो' म्हणाले तरी एक ईमेल मागून घ्या. नकार आला तर कारण विचारा, कधीकधी अडचण फक्त तारखांची असते आणि पुढच्या सीझनला तेच नाटक मिळतं.