गच्चीवरच्या पारदर्शक छपरासाठी काय निवडावं: काच, पॉलीकार्बोनेट की आणखी काही?

गच्चीवर किंवा मागच्या अंगणात झाडांसाठी, सकाळच्या चहासाठी उजेडाची खोली बांधावी असं अनेकांच्या मनात असतं. थंड देशांत अशी खोली ऊब कोंडून ठेवण्यासाठी बांधतात. पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावली दिवस असतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि सगळं ऊन थेट छपरावर पडतं. म्हणून आपल्याकडे निवडीची सुरुवात उन्हापासून करायची.

आधी किती छप्पर पारदर्शक हवं ते ठरवा. अख्खं छप्पर पारदर्शक केलं तर एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत दुपारी बसवत नाही. माझ्या मते एक तृतीयांश पुरे, तेही शक्यतो उत्तरेच्या अंगाला. उरलेल्या भागावर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम भरलेलं पॅनेल टाका. छपराच्या सगळ्यात उंच टोकाला गरम हवा बाहेर पडायला झडप किंवा जाळीची फट ठेवा. शेडनेट लावायची असेल तर छपराच्या वरून, थोडं अंतर सोडून लावा. आतून लावलेल्या पडद्यापर्यंत ऊन येतं तेव्हा उष्णता खोलीत शिरलेली असते.

मग वरून काय पडणार ते बघा. मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते, कोकणात नारळ पडतात, वानरं उड्या मारतात. अशा ठिकाणी पॉलीकार्बोनेटला, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकला पर्याय नाही. त्यातही नारळाखाली मल्टीवॉल शीट, म्हणजे आत पातळ भिंती आणि पोकळ नळ्या असलेली शीट चेपते. तिथे भरीव, म्हणजे कॉम्पॅक्ट शीट घ्या.

काचेचं रूप वेगळंच. ती पिवळी पडत नाही, सहजी ओरखडत नाही आणि पावसाचा आवाजही बराच कमी येतो. मल्टीवॉलवर जोराची सर आली की खालचं बोलणं ऐकू येत नाही. झोपायच्या खोलीला लागून छप्पर असेल तर हा मुद्दा मोठा आहे. पण डोक्यावर काच घालायची तर ती लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर चिकटवलेली हवी, यात तडजोड नको. नुसती टफन, म्हणजे तापवून कणखर केलेली काच क्वचित आपोआपही फुटते आणि तिचे तुकडे थेट खाली कोसळतात. लॅमिनेटेड काचेत मधला थर तुकडे धरून ठेवतो. घरात मुलं-म्हातारी माणसं असतात, त्यामुळे छपराचं काम करणारा फॅब्रिकेटर 'टफन आहे, काही होत नाही' म्हणाला तरी ऐकू नका.

वजनही मोजा. 6+6 मिलिमीटरची लॅमिनेटेड काच चौरस मीटरला 30 किलोच्या वर जाते, 10 मिलिमीटरची मल्टीवॉल पावणेदोन किलोच्या आसपास. म्हणजे 12 चौरस मीटर छपराला एकीकडे 360 किलोहून जास्त भार, दुसरीकडे जेमतेम 20. काचेसाठी सांगाडा आणि खालचा स्लॅब इंजिनिअरकडून तपासून घ्यावाच लागतो. सोसायटीची आणि पालिकेची परवानगी दोन्हींना बघावी लागते.

फायबरचे पारदर्शक पत्रे स्वस्त, पण उन्हात काळवंडतात आणि त्यांचे तंतू वर येतात. तात्पुरत्या शेडला ठीक. ॲक्रिलिक दिसायला सुरेख, मात्र ठिसूळ. छपराला घेऊ नये.

दुकानात पॉलीकार्बोनेटची मल्टीवॉल शीट अशी पारखा. नुसती जाडी विचारू नका, चौरस मीटरचं वजन विचारा. आतल्या भिंती पातळ करून 10 मिलिमीटरचीच शीट स्वस्तात विकता येते, आणि ते वजनात उघड होतं. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर आहे का आणि कोणत्या बाजूला आहे, ते लेखी घ्या. रंगात दुधी सगळ्यात सोयीची: उजेड मऊ पसरतो, झाडांना चालतो, धूळही कमी दिसते.

बसवताना समोर उभे राहा. बहुतेक छपरं इथेच बिघडतात. ज्या बाजूला अतिनील थर आहे ती वर; सहसा त्या बाजूला चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं. उलटी बसली तर शीट लवकर पिवळी आणि ठिसूळ होते. शीटमधल्या पोकळ नळ्या उताराच्या दिशेने हव्यात. वरचं टोक ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करायचं, खालच्या टोकाला बारीक छिद्रांची टेप लावायची, म्हणजे आतलं दव निथळतं आणि शेवाळ धरत नाही. मीटरला किमान 9 सेंटिमीटर उतार द्या. कोकणात, महाबळेश्वरात याहून बराच जास्त.

पॉलीकार्बोनेट उन्हात फुगतं. तापमान 40 अंशांनी बदललं तर 3 मीटरची शीट सुमारे 8 मिलिमीटर वाढते. त्यामुळे स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा, रबरी वॉशर वापरा आणि स्क्रू करकचून आवळू नका. आवळलेली शीट उन्हात कुरकुरते आणि भोकापाशी तडकते. सांधे बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचंच हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं नको. धुताना साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे, थिनर लावलात तर शीट गेली.

काम झाल्यावर फिल्म लगेच काढा, उन्हात ती चिकटून बसते. मग नळाची पाइप लावून अर्धा तास प्रत्येक सांध्यावर पाणी सोडा आणि आतून बघा. कुठे थेंब दिसला तर सांधा तेव्हाच दुरुस्त करून घ्या. शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.