गावातल्या जुन्या नटाचं आयुष्य कसं लिहून काढायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी कुठंही जा, दोन-चार गावांआड एखादा म्हातारा भेटतोच ज्यानं तरुणपणी जत्रेच्या नाटकात सासरा, सावकार नाहीतर हवालदार केलेला असतो आणि पुढं कोल्हापूरला जाऊन थोड्याफार पिक्चरमध्ये पण दिसलेला असतो. हिरो नव्हे, चरित्र नट. त्यांचं कुणी लिहीत नाही, आणि माणूस गेला की आठ दिवसांत ट्रंक रद्दीवाल्याकडं जाते. माझ्या वडलांचे थोरले चुलतभाऊ असेच नट, सगळं घर त्यांना आण्णा म्हणतं, त्यांचं मी लिहून काढलं, दोन वर्षं लागली. तुमच्या घरात किंवा गल्लीत असं कोण असेल तर हे वाचा आणि लगेच सुरू करा, पावसाळा संपू दे, दिवाळी होऊ दे असं म्हणत बसू नका.

सुरुवात मुलाखतीनं करू नका, ट्रंकेनं करा. मी आधी फोन घेऊन समोर बसलो आणि "आण्णा, तुमचा प्रवास सांगा" म्हटलं, ते दोन मिनिटं बोलले आणि गप्प झाले, कारण असं विचारल्यावर कुणीही सत्काराच्या भाषणासारखंच बोलणार. मग एक दिवस ट्रंक उघडली. वर जुनी वर्तमानपत्रं, खाली हँडबिलं, दोन फोटो, मिशीसाठी आणलेल्या क्रेपचा, म्हणजे खोट्या केसांचा, एक गुंडा आणि तंबाखूच्या वखारीतली लाल कापडी बांधणीची खातेवही. वही उलटी धरली तर मागच्या पानांवर सगळी नक्कल लिहिलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नक्कल म्हणजे नटानं स्वतःपुरतं उतरवून घेतलेलं नाटक, त्यात त्याची वाक्यं पूर्ण असतात आणि दुसऱ्याच्या वाक्याचे फक्त शेवटचे दोन-तीन शब्द, ते ऐकले की आपण बोलायचं. त्यामुळं नक्कल हातात आली की भूमिका किती मोठी होती, कितव्या प्रवेशात एंट्री होती, हे कुणाला विचारावं लागत नाही. आण्णांच्या वहीत एका वाक्यापुढं पेन्सिलीनं लिहिलंय, "इथं थांब. लोक हसतील." एवढ्या दोन वाक्यांनी मला त्यांच्या कामाबद्दल जे कळलं ते तासभर बोलून कळलं नव्हतं. ट्रंकेतल्या प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मागं हिशेब असला तरी काढा, आणि मूळ कागदावर पेनानं काही लिहू नका.

आता हँडबिलं. यांच्यावर वार आणि तारीख असते, साल बहुतेक वेळा नसतं, आणि तिथंच लोक हात टेकतात नाहीतर अंदाजानं ठोकून देतात. ठोकू नका, साल काढता येतं. आधी पत्ता बघा. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि १ नोव्हेंबर १९७३ ला राज्याचं नाव कर्नाटक झालं, म्हणजे पत्त्यात "म्हैसूर राज्य" असेल तर या सतरा वर्षांतलंच. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं. मग तिकिटाचा दर बघा. आण्यात असेल तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, लोक पुढंही काही दिवस आण्यातच बोलायचे तेवढं लक्षात ठेवा. "नवे पैसे" किंवा "न. पै." असेल तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली आणि "नवे" हा शब्द १९६४ च्या जूनमध्ये काढून टाकला. शके दिलं असेल तर त्यात ७८ मिळवा, जानेवारी ते चैत्र पाडव्यापर्यंतची तारीख असली तर ७९.

आण्णांचं एक हँडबिल होतं, "रविवार ता. १४ एप्रिल, रात्रौ ९॥ वा.", पत्ता म्हैसूर राज्य, खुर्ची एक रुपया, जमीन ५० न. पै. म्हैसूर राज्याच्या काळात १४ एप्रिलला रविवार तीनदाच आला, १९५७, १९६३ आणि १९६८. नवे पैसे म्हणजे १९६८ बाद. राहिली दोन. तेव्हा आण्णांना हँडबिल दाखवून एवढंच विचारलं की या नाटकाला घरातलं कोण आलं होतं. लगेच म्हणाले, "थोरला दोन वर्षांचा होता की, तुझ्या काकूच्या मांडीवर झोपला होता, मी खून केला तवा उठून रडालता." थोरल्याच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १९६१. म्हणजे १९६३. अशी एक तारीख पक्की झाली की तिच्या आधीचं आणि नंतरचं आपोआप जागेवर बसायला लागतं, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो खरंच सांगता येत नाही.

यावरूनच मुलाखतीचं पण कळेल. साल विचारू नका, वस्तू हातात द्या आणि आजूबाजूचं विचारा. कोण आलं होतं, स्टेज कुठं बांधलं होतं, ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे-जोडे कुठनं आणले होते, स्त्री पात्र कुठनं आलं होतं, प्रॉम्प्टर कोण होता, तिसरी घंटा झाल्यावर विंगेत काय करत होता, मिशी कशानं चिकटवायचा. मिशीवरनं आण्णा अर्धा तास बोलले. वखारीत दिवसभर तंबाखू हाताळून बोटांना वास मुरलेला, त्याच बोटांनी स्पिरिट गम हा मेकअपचा डिंक लावून क्रेपची मिशी बसवायची, आणि मग प्रवेशभर नाकाखाली तोच वास, शिंक आली तर मिशी जाणार म्हणून सावकार कायम नाक वर करून बोलायचा. पब्लिकला वाटायचं काय माज आहे सावकाराचा! ही गोष्ट "तुमच्या अभिनयाची शैली सांगा" असं विचारून जन्मात मिळाली नसती. एका बैठकीला तासाच्या वर बसू नका, फॅन बंद करा कारण रेकॉर्डिंगमध्ये फॅनच ऐकू येतो, आणि त्याच रात्री फाइल आणखी एका ठिकाणी ठेवा. माझी पहिली दोन रेकॉर्डिंग फोनबरोबर गेली, त्यात आमच्या काकू पण बोलल्या होत्या आणि त्या आता नाहीत.

लिहिताना त्यांची बोली तशीच ठेवा. "करालास", "व्हय की", "काय गा" हे सुधारून पुस्तकी केलं की माणूस गेलाच म्हणून समजा.

पिक्चरचं काम वेगळं आणि किचकट आहे, कारण छोट्या नटाचं नाव टायटलमध्ये बरेचदा नसतंच, असलं तर चुकीचं असतं, नाहीतर त्याच नावाचा दुसरा नट असतो. म्हणून ऐकीव यादी घेऊ नका, पिक्चर लावून त्यांच्या शेजारी बसून बघा आणि ते दिसले की वेळ लिहा, उदाहरणार्थ "१ तास १२ मिनिटं, पाटलाच्या मागं उभे, लाल फेटा, एक वाक्य". सुरुवातीला सेन्सॉरचं सर्टिफिकेट येतं त्याची तारीख पण टिपा, शूटिंग मात्र त्याच्या कितीतरी आधीचं असू शकतं. जे पिक्चर मिळत नाहीत ते वेगळ्या यादीत ठेवा आणि "आण्णांच्या सांगण्यावरून" असं पुढं लिहा. आण्णांनी बारा नावं सांगितली, मला सातांत ते दिसले, पाच वेगळी ठेवली. घरच्यांना राग आला, तरी मी बदललं नाही. एका कंपनीनं तर तीन दिवस काम करून घेऊन पैसे पण दिले नाहीत आणि नाव पण दिलं नाही, तेही लिहिलंय, कंपनीचं नाव न घालता.

पोटापाण्याचं लिहाच. चरित्र नटाचं घर नुसत्या नाईटवर, म्हणजे एका प्रयोगाच्या मानधनावर, चालत नाही. निळू फुल्यांसारखा माणूस पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय कॉलेजात माळीकाम करत होता, सेवा दलाच्या कलापथकात राबत होता, आणि १९६८ च्या 'एक गाव बारा भानगडी'नं पिक्चरमध्ये आला. आण्णा तंबाखूच्या वखारीत वजनाच्या काट्यावर होते, शनिवारी रात्री एस्टीनं कोल्हापूर आणि सोमवारी सकाळी परत काट्यावर. पहिली नाईट पंधरा रुपये. असे आकडे लिहिल्याशिवाय त्या आयुष्याचं वजन कळत नाही.

आणि कन्नड कापू नका, हे मी हात जोडून सांगतो. सीमेच्या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, पण नटाचं आयुष्य लिहिताना आण्णांनी कन्नड कंपनीत बदली नट म्हणून केलेली कामं गाळली तर ते खोटं होईल. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरला, आणि कन्नड रंगभूमीचे एणगी बाळप्पा पण सौंदत्ती तालुक्यातल्याच एणगीचे. आपल्याकडचे नट दोन्हीकडं ऐकत, बघत मोठे झालेत. कन्नड हँडबिल वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला बोलवा, आमच्या शेजारच्या अक्कांनी चहा पिता पिता चार हँडबिलं वाचून दिली.

सगळं गोळा झाल्यावर मांडायचं कसं, तर जन्म-शिक्षण-लग्न अशी सरळ रांग लावायचा हट्ट नको. चरित्र नटाचं आयुष्य भूमिकांच्या प्रकारावर वळतं. आपल्या निपाणीजवळच्या खडकलाटच्या सुलोचनादीदी बघा, जन्म १९२८, भालजी पेंढारकरांच्या हाताखाली कोल्हापुरात घडल्या, १९५३ च्या 'वहिनीच्या बांगड्या'त मुख्य भूमिका, आणि १९५९ च्या 'सुजाता'त नूतनला सांभाळणारी आई, तेव्हा स्वतःचं वय जेमतेम एकतीस. त्यांचं लिहायचं तर "आई" कधी सुरू झाली हेच वळण धरावं लागेल. आण्णांचं वळण म्हणजे समोरचे दात पडले तेव्हापासून सावकार बंद आणि आजोबा सुरू.

कुणाची व्यसनं, उधाऱ्या, कंपनीतल्या बायकांबद्दलच्या गावगप्पा घालू नका, त्यांच्या लेकी-नाती याच गावात नांदतात. छपाईचं फार मनावर घेऊ नका, टाइप करून झेरॉक्स काढा, स्पायरल करा, एक प्रत गावच्या वाचनालयात, एक घरात, एक ज्याच्याकडनं फोटो आणले त्याला.

पण त्याआधी सगळं त्यांना मोठ्यानं वाचून दाखवा, शेवटचा शब्द त्यांचा. मी दोन दुपारी वाचलं. आण्णा डोळे मिटून ऐकत होते, तिसऱ्या पानावर सावकाराचं वर्णन आलं, "पायात करकरणारे कोल्हापुरी जोडे", तसा हात वर केला. "ते जोडे माझे नव्हते, ड्रेपरीचे होते. एक नंबरानं लहान. म्हणून मी तसा चालायचो. लिव्ह तसं."

लिहिलं.