क्रांत्झ, खल्ला, रुगेलाख : या चुका टाळा

क्रांत्झ म्हणजे चॉकलेट भरून पिळलेला यीस्टचा केक. अमेरिकेत त्यालाच बाबका म्हणतात. इस्रायलमधल्या अश्दोद शहरात, आमच्या गल्लीतल्या बेकरीत त्याची कणीक आदल्या रात्री मळून थेट फ्रिजमध्ये जाते. घरी करणारे नेमकं हेच टाळतात. 'रात्रभर कोण थांबणार?' मग करू नका ना, बिस्किटं करा!

अर्धा किलो मैद्यात अंडी आणि दीडशे ग्रॅम बटर घातलं की कणीक हाताला चिकटणारच. थंड झाल्यावर बटर घट्ट होतं आणि तीच कणीक पोळपाटावर गुमान लाटली जाते. पण चिकटली की लोक मूठभर मैदा घालतात, मग आणखी मूठभर, आणि केक टोस्टसारखा कोरडा झाला की शिव्या यीस्टला.

एका बेकरीत नवा पोरगा आला होता, कोर्सबिर्स करून. गुरुवार संध्याकाळ, शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, त्याआधी दुकान बंद करायचं, म्हणजे सगळ्यांचीच धावपळ. कणीक लवकर फुगावी म्हणून या पठ्ठ्याने डबे भट्टीच्या माथ्यावर ठेवले. फुगली, अगदी झकास फुगली. पण बटर वितळून कडेने झिरपायला लागलं होतं. लाटताना मैदा, कापताना मैदा. उभे काप करून पीळ घातला तर थर कुठे दिसेचनात, नुसता चॉकलेटचा चिखल. भट्टीत बटर साच्यातून खाली गळलं आणि धूर झाला. बाहेर काढल्यावर म्हणतो, "वरून तर मस्त दिसतोय!" सुरी घातली तर मधोमध कच्ची कणीक. सगळी खेप गेली, आणि शुक्रवारी सकाळी क्रांत्झ मागणाऱ्या आज्यांना तोंड द्यायला मालक एकटा. पोरगा भांडी घासत होता.

त्या 'वरून मस्त'बद्दलही सांगते. साखर आणि अंडं यामुळे वरचा रंग फार लवकर येतो. रंगावर जाऊ नका. मी थर्मामीटर मधोमध खुपसते. ८८ ते ९० अंश झाल्याशिवाय काढत नाही. रंग आधीच आला तर वरून फॉइल. आणि बाहेर काढल्याकाढल्या, गरम असतानाच साखरेचा पाक. 'गोड होईल' म्हणून पाक टाळणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी कोरडा केक निमूट खावा.

खल्ला म्हणजे शब्बाथचा वेणीसारखा गुंफलेला पाव. त्यात दूध आणि बटर घालू नका. तो शुक्रवारच्या जेवणात मटण-चिकनबरोबर खाल्ला जातो, आणि आम्हा ज्यूंमध्ये दूध नि मांस एकत्र चालत नाही. मऊपणा तेल आणि अंड्याने येतो. कोकणात आमचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पूर्वज घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. तेव्हा तेलाचं महत्त्व मला शिकवू नका. पेड आवळून घालू नका, भट्टीत फाटतात. अंडं दोनदा लावा, दुसऱ्यांदा भट्टीत घालायच्या अगदी आधी.

रुगेलाख, म्हणजे सारण भरून गुंडाळलेली छोटी पेस्ट्री : कणकेच्या त्रिकोणाच्या रुंद बाजूकडून गुंडाळा आणि टोक खाली दाबून ठेवा. टोक वर राहिलं की उलगडलंच.

पुरीम सणाची त्रिकोणी बिस्किटं, हामांताशेन, भट्टीत उघडतात, कारण तुम्ही जॅमचा ढीग घालता. एक छोटा चमचा पुरे. कोपरे घट्ट चिमटा, वीस मिनिटं फ्रिजमध्ये, मग भट्टी.

हानुक्का सणाची सुफगानियोत, म्हणजे जॅम भरलेले तळलेले डोनट, तेल पितात ती तेल गार असल्यामुळे. १७० अंश ठेवा, एकावेळी थोडीच तळा. जॅम तळून झाल्यावर भरायचा.

यीस्ट दुप्पट घालून वेळ वाचवणारे लोक मला भेटतात. वास येतो हो, त्यांच्या पावाला. दूध उकळतं ओतून यीस्ट मारणारे वेगळेच. बोट आरामात बुडवून ठेवता आलं पाहिजे, इतकंच कोमट.

बुरेकास, म्हणजे सारण भरलेले पफ, त्यांचा आकार मनाला येईल तसा करू नका. इथल्या रिवाजाप्रमाणे चीजचं त्रिकोणी, बटाट्याचं चौकोनी. मांसाहारी जेवण झालेलं गिऱ्हाईक आकार बघूनच उचलतं. तुम्ही चौकोनात चीज भरलंत तर ते खाऊन बसेल आणि भांडायला तुमच्याच दारात येईल.