गावात विशेष मुलामाणसांसाठी कलेचं वर्कशॉप घेताय? मग या चुका टाळा

विदर्भातल्या गावात विशेष मुलांसाठी किंवा मोठ्यांसाठी चित्राचं, मातीकामाचं वर्कशॉप ठेवलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "याले काही समजत नाही मॅडम, थो तसाच करते." आणि दुपारपर्यंत आपणही तेच म्हणायला लागतो, फक्त जरा सभ्य भाषेत. कोणी उठून गेलं, कोणी कागद फाडला, कोणी ब्रश घेऊन नुसतं बसून राहिलं, की दोष त्याच्या डोक्याचा. माझं म्हणणं, आधी आपली मांडामांड बघा, म्हणजे वेळ, जागा, सामान, आपली बडबड आणि मुख्य म्हणजे मदत करणाऱ्यांचे हात. गडबड बहुतेक वेळा तिथंच सापडते.

"विशेष" म्हणताना इथं बौद्धिक अक्षमता, डाउन सिंड्रोम, ऑटिझम असलेले आणि वाचता-लिहिता न आल्यामुळे शाळेत मागं पडलेले डिस्लेक्सियावाले, सगळेच धरलेत. पण बौद्धिक अक्षमता आणि डिस्लेक्सिया या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर्कशॉपमध्येही त्यांच्या गरजा वेगळ्याच असतात. डिस्लेक्सियावाल्या पोराला ब्रश कसा धरायचा ते शिकवत बसलात तर तो उद्या येणार नाही.

सगळ्यात मोठी चूक: चित्र आपणच काढून देणं

ही ओळखायची सोपी खूण सांगतो. संध्याकाळी सगळी चित्रं भिंतीवर लावा आणि लांबून बघा. दोन डोंगर, मधून सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड (आपल्या गावात नारळ कुठून आला ते कोणी विचारत नाही), आणि हे असंच सगळ्या कागदांवर असेल तर चित्रं मुलांनी काढलेली नाहीत, व्हॉलंटियरांनी काढलीयत. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. आईला वाटतं आपलं पोरगं चारचौघांत कमी दिसू नये, व्हॉलंटियरला वाटतं काहीतरी हातात पडलं पाहिजे, आणि आयोजकाला फोटो पाहिजे असतो. पण ज्याचा हात धरून ब्रश फिरवला त्याला त्यातून एवढंच कळतं की आपण ढिला हात सोडला की काम होतं.

यावर उपाय म्हणजे आधी थांबायचं. काही सांगितल्यावर मनात हळू दहापर्यंत मोजा, कारण बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला ऐकलेलं पोचायला आणि हात हलायला वेळ लागतो, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला दुसरी सूचना फेकतो म्हणून पहिली पण बुडते. तरी काही झालं नाही तर बोटानं खूण करा, मग स्वतःच्या कागदावर करून दाखवा, आणि हात लावायची वेळ अगदी शेवटी. लावायचाच तर आपला हात त्याच्या हातावर नाही, हाताखाली ठेवा. म्हणजे त्याला नको असेल तेव्हा तो उचलून घेऊ शकतो, आणि उचलला तर ते उत्तर समजा.

ठरलेल्या आकाराची वस्तू असेल, समजा पोळ्यासाठी मातीचा बैल, तर उलटीकडून शिकवणं चालतं. धड, पाय, मान तुम्ही करा आणि शेवटची शिंगं त्याला लावू द्या, पुढच्या वेळी मान आणि शिंगं त्याची, त्याच्या पुढच्या वेळी पाय पण. असं केलं की प्रत्येक वेळी काम संपवणारा तोच असतो आणि आपली मदत कमी कमी होत जाते. पण हे कौशल्यापुरतं बरं का, चित्राला लावू नका. चित्रात निळी गाय आली तर आली.

आणि आयांचं काय करायचं? त्यांना बाहेर बसवू नका, त्यांनाही मातीचा गोळा द्या. "काकू, तुमचाबी एक बैल होऊ द्या" म्हटलं की त्या लाजतात, हसतात, मग हात असे रमतात की पोराकडं लक्ष राहत नाही, आणि पोरगं पहिल्यांदा आपल्या मनानं काहीतरी करतं. माझ्या मते अख्ख्या वर्कशॉपमधली सगळ्यात कामाची युक्ती हीच.

तारीख शेत बघून ठरवा, ऑफिसचं कॅलेंडर बघून नाही

सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीच्या भरात तारीख धरली तर येणार कोण? विशेष माणसाला आणायला घरातलं एक माणूस लागतं आणि त्या एका माणसाची त्या दिवसाची मजुरी जाते. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडं धानाची रोवणी, नंतर उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता, हेही बघा. मे महिन्यात टिनाच्या समाजमंदिरात तर कोणीच बसू शकत नाही, आणि फिटच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास जास्त होऊ शकतो. आठवडी बाजाराचा दिवस टाळा, परतीची लालपरी किती वाजता आहे ते विचारा, नाहीतर तीन वाजता सगळं रंगात आलं असताना अर्धी मंडळी उठून जातील आणि आपण म्हणू यांचं लक्ष टिकत नाही. गावातल्या आशाताईला एक फोन केला तर हे सगळं पाच मिनिटांत कळतं.

संडास आधी जाऊन बघा. याच्यावर जास्त लिहीत नाही, ज्यांनी वर्कशॉप घेतलंय त्यांना माहीत आहे.

सामान: फुकटचं चांगलं, पण काही गोष्टी घातक

गावात रंगाला तोटा नाही. पळसाची फुलं उकळली की पिवळा-केशरी मिळतो, हळद आहे, गेरू आहे, चुलीतला कोळसा आहे. पण हळदीत चुना घातला की लाल होते म्हणून पुष्कळ जण ते करायला जातात, ते इथं नको. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि रंगाचा हात डोळ्याला लावणारं कोणीतरी असतंच. दुसरं, घरी शिजवलेली मैद्याची खळ. तिला कीड लागू नये म्हणून मोरचूद टाकायची जुनी पद्धत आहे, आणि मोरचूद विषारी असतं. आपल्याकडं काही जण सगळंच तोंडात घालून बघतात, म्हणून खळ साधी करा आणि उरलेली त्याच दिवशी फेका. होळीचे उरलेले रंग वापरायचा मोह पण आवरा, पोटात गेलं तर त्यात काय होतं हे पुडीवर लिहिलेलं नसतं.

मातीचा घोळ वेगळाच. शेतातली काळी माती मळायला मस्त लागते, पण सुकताना आकसते आणि बैलाचे पाय दुसऱ्या दिवशी गळून पडतात. मग पोरगं रडतं आणि लोक म्हणतात त्यानं नीट केलं नाही. तिच्यात बारीक रेती आणि थोडं चाळलेलं कुटार (भुसा) मिसळा, सावलीत सुकवा, किंवा सरळ गावातल्या कुंभारदादांकडून तयार माती आणा आणि जमलं तर त्यांनाच बोलवा.

ब्रश पकडता येत नसेल तर दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा चिंधी गुंडाळून जाड करा. कागद सरकतो म्हणून चिडणारे खूप असतात, चारी कोपरे टेपनं चिकटवले की अर्धी चिडचिड तिथंच संपते.

बोलणं कमी, दाखवणं जास्त

"आता आपण आधी कागद घडी करायचा, मग एका बाजूला रंग टाकायचा, मग दाबायचा आणि मग उघडायचा, समजलं का सगळ्यांना?" आणि सगळे एका सुरात होऽऽ. हा हो म्हणजे शाळेत शिकलेली सवय आहे, समजल्याची पावती नाही. एका वेळी एकच गोष्ट सांगा, ती करून दाखवा, झाल्यावर पुढची. "समजलं का" च्या ऐवजी "आता काय करशील?" विचारा किंवा नुसतं बघा तो काय करतो. दोन रंगांतला निवडायला सांगताना दोन्ही डबे समोर धरा, कारण काही जण आपण शेवटी जे नाव घेतलं तेच परत म्हणतात. डब्यांची जागा बदलून परत विचारलं की खरी निवड कळते.

आणि भाषा. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळकडच्या कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) कोलामी, आणि आपण नागपूरहून जाऊन शाळेची मराठी झाडतो. त्या पोराला डोक्याची अडचण नसून आपल्या भाषेची असू शकते. गावातलाच एक माणूस सोबत घ्या, दुभाषा म्हणून नाही, वर्कशॉप चालवणारा म्हणून.

वय विसरू नका. पस्तिशीच्या माणसाला ससा-हत्तीच्या आऊटलाइन रंगवायला देणं हा अपमान आहे, त्याला बोलता येत नसलं तरी तो कळतो. त्याला लाकडाचा तान्ह्या पोळ्याचा बैल रंगवायला द्या, झाडीपट्टीच्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकासाठी पडदा रंगवायला द्या. घरचे "पोट्टा" म्हणत असतील, आपण नावानं हाक मारायची, मोठा असेल तर भाऊ, दादा म्हणायचं.

मध्येच अडलं तर

कोणी ओल्या मातीला हातच लावत नाही. हट्ट नाही तो, बऱ्याच ऑटिझमवाल्यांना ओलं-चिकट अंगावर सहन होत नाही. काडी द्या, चमचा द्या, पिशवीत बंद केलेली माती दाबायला द्या, नाही म्हटलं तर कोळसा आणि कागद द्या.

कोणी कानावर हात ठेवून ओरडतो. आधी लाऊडस्पीकर बंद करा. आठ-दहा जणांना माईक लागतोच कशाला, आणि त्याहून जास्त माणसं एका वेळी घेतलीत तर ती पण चूकच. सुरुवातीला खंजिरीवर भजनाची एक ओळ म्हटली तर चालतं, तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळामुळे ती बहुतेकांच्या ओळखीची असते आणि रोज तीच ओळ आली की आता काम सुरू होणार हे न सांगता कळतं, पण हळू वाजवा आणि दाराजवळ कोणाला बसायचं असेल तर बसू द्या.

उठून फिरणाऱ्याला परत परत बसवू नका. भिंतीवर मोठा कागद लावा, उभ्यानं काढेल. पाणी आणायचं, रंगाचे डबे वाटायचं काम द्या.

खिडकीत गावातली पोट्टी जमतात आणि हसतात. हाकललं की लांबून ओरडतात. त्यापेक्षा दोघा-तिघांना आत घ्या, कागद द्या.

फिट आली तर घाबरून चप्पल किंवा कांदा हुंगवायला लोक धावतात, त्यांना थांबवा. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा थांबून लगेच परत आली, तर १०८ ला फोन. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे, सकाळी येतानाच घरच्यांना विचारायचं, फिट येते का, गोळी घेतली का, जेवून आला का.

पाहुणे, फोटो आणि पैसे

उद्घाटन दोन तास चाललं की माणसं थकतात आणि रंग उघडायच्या आधीच वर्कशॉप संपतं. पाहुण्यांना शेवटी बोलवा, भाषणाला नाही, चित्रं बघायला. फोटो काढायच्या आधी ज्याचा फोटो आहे त्याला विचारा, नुसतं घरच्यांना नाही, आणि काढलेला फोटो त्याला मोबाइलवर दाखवा. तोंड फिरवलं तर सोडून द्या, चित्राचा फोटो काढा. चित्राखाली त्याचं नाव लिहा, त्याला लिहिता येत असेल तर त्यालाच लिहू द्या, अक्षर उलटं आलं तरी.

एखादी वस्तू विकली गेली तर पैसे संस्थेच्या खर्चात मिसळू नका. कोणाची वस्तू, किती रुपये, वहीत लिहा, ज्याची वस्तू त्याच्या हातात नोटा द्या आणि घरच्यांना समोर उभं करा म्हणजे नंतर भांडण नाही. रक्कम मोठी असेल तर त्याच्या नावाच्या खात्यात टाका. खातं नसेल आणि वय अठराच्या वर असेल तर बँकवाले कधीकधी पालकत्वाचा कागद मागतात. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मिळतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून प्रदर्शन-विक्रीचा विचार असेल तर घरच्यांना हे वर्कशॉपच्या आधीच सांगून ठेवा.